नवा डीसी आणि नवे नियम एकाच रात्री आणू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात दोन-तीन प्रश्नांचा गुंता झालाय. अंधेरी पूर्वेला ऑफिस, सव्वादोनशे युझर, दोन डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे सगळ्यांची लॉगिनं तपासणारे सर्व्हर), दोन्ही विंडोज सर्व्हर २०१२ आर२. ऑडिटरने शेरा मारला, म्हणून मॅनेजमेंटला आता थेट २०२५ हवंय आणि त्यासाठी एक शनिवार-रविवार मिळालाय. पगाराचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं तो व्हेंडर दुकान बंद करून गेलाय. गेटपासच्या जावा ॲप्लिकेशनला कोणी हात लावायला तयार नाही. हजेरीचं मशीन आणि तीन झेरॉक्स मशीन्स कुठल्या ना कुठल्या प्रकारे एडीवर, म्हणजे त्या डीसींवरच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या खात्यांच्या नोंदवहीवर, टेकलेली आहेत. आणि शेवटी तुम्ही विचारता, की या जुन्या मंडळींसाठी एक २०१२ चा डीसी तसाच चालू ठेवला तर काय बिघडतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ठेवू नका. कारण पुढे सांगते. पण तुमची खरी अडचण सर्व्हरच्या आवृत्तीत नाहीच. त्या दोन डीसींकडे रोज कोण येतं, कुठल्या दाराने येतं आणि काय मागतं, याची यादी तुमच्याकडे नाही. तुमच्याकडेच कशाला, मी गेली वीसेक वर्षं हे काम करतेय, पहिल्या दिवशी ही यादी हातात ठेवणारं ऑफिस मला अजून भेटायचंय. सगळ्यांकडे एक एक्सेल असते, तिच्यात आठ नावं असतात, आणि प्रत्यक्षात निघतात तेवीस.

काही गोष्टी मी इथे बसून सांगू शकत नाही, त्या तुमच्याकडे बघूनच ठरतील. तुमचं डोमेन मुळात कधी उभं राहिलं, २००३ च्या काळात की २०१२ आर२ बरोबरच? पगाराचं सॉफ्टवेअर साधा एलडॅप (डिरेक्टरीला प्रश्न विचारायची भाषा) वापरतं की विंडोजचं लॉगिन? सर्टिफिकेट सर्व्हर वेगळा आहे की कोणीतरी डीसीवरच बसवून ठेवलाय? या तीन उत्तरांवर कामाचे दिवस दुप्पट होऊ शकतात.

आता ‘थेट २०२५’ बद्दल. ते होणार नाही, आणि हे मॅनेजमेंटला आजच सांगा. २०२५ चा डीसी डोमेनमध्ये घ्यायचा तर डोमेन आणि फॉरेस्ट (डोमेनांचा वरचा समूह) दोन्हींची फंक्शनल लेव्हल, म्हणजे सगळ्या डीसींना मिळून चालवता येणारी पातळी, किमान २०१६ ची लागते. ती लेव्हल लावायची तर एकही डीसी २०१६ पेक्षा जुना चालत नाही. तुमचे दोन्ही २०१२ आर२. म्हणजे मध्ये एक मुक्काम करावाच लागणार, आणि माझ्या मते तो २०२२ वर करा. त्याला ऑक्टोबर २०३१ पर्यंत पॅच मिळणार आहेत, त्यामुळे तिथेच चार वर्षं राहिलात तरी कोणी बोट दाखवणार नाही. २०२५ मध्ये एनटीएलएमची, म्हणजे विंडोजच्या जुन्या लॉगिन पद्धतीची, पहिली आवृत्ती काढूनच टाकली आहे. तुमच्या झेरॉक्स मशीन्सचं वय ऐकून मला वाटतं, तो धक्का तुम्हाला एवढ्यात नको.

ऑडिटरचं म्हणणं मात्र खोटं नाही. २०१२ आर२ चा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. पैसे भरून मिळणारे पॅचही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

दुसरं, डोमेन २००३ च्या काळातलं असेल तर सिसव्हॉल (डीसींमधला पॉलिसींचा सामायिक फोल्डर) अजून एफआरएसवर, म्हणजे त्या फायली डीसींमध्ये पोचवणाऱ्या जुन्या पद्धतीवर, चालतंय का ते बघा. २०१९ पासून पुढचा सर्व्हर एफआरएसवाल्या डोमेनमध्ये डीसी होतच नाही. त्याच कामाच्या नव्या पद्धतीवर, डीएफएसआरवर, जायचे चार टप्पे आहेत, शून्य ते तीन. तिसऱ्याला गेलं की परत फिरता येत नाही, म्हणून दुसऱ्यावर दोन-चार दिवस थांबायचं. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही.

आता मूळ मुद्दा. डीसी बदलला की जुनी ॲप्लिकेशन्स का बंद पडतात?

लोकांना वाटतं नव्या एडीची भाषा बदलली. तसं नाही. एलडॅपची तिसरी आवृत्ती १९९७ ची आहे आणि २०२२ चा डीसीही तीच बोलतो. तुमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरने २०११ मध्ये विचारलेला प्रश्न नवा सर्व्हर आजही समजेल. मोडतात त्या दुसऱ्याच गोष्टी. जुन्या डीसीच्या सेटिंग्ज तीन ठिकाणी राहतात. काही डिरेक्टरीच्या आतच, त्या नव्या डीसीवर आपोआप येतात. काही ग्रुप पॉलिसीत, त्याही येतात. तिसऱ्या प्रकारच्या त्या एका मशीनच्या रजिस्ट्रीत, किंवा नुसत्या त्या मशीनवर असण्यात असतात: कोणीतरी कधीतरी हाताने लावलेली टीएलएसची (कनेक्शन कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीची) किल्ली, सी ड्राइव्हवरचा शेअर केलेला फोल्डर, रात्री अडीचला चालणारी बॅच फाइल, डीएनएसचे (नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेचे) फॉरवर्डर, आयपी वाटणारं डीएचसीपी, सर्टिफिकेट सर्व्हिस. या येत नाहीत. आणि जुनी ॲप्लिकेशन्स नेमकी याच तिसऱ्या प्रकाराच्या आधारावर उभी असतात, कारण त्या काळी घाईत जे चाललं ते तसंच राहिलं.

यावर आपण आणखी एक भर घालतो. ‘एवीतेवी काम काढलंच आहे तर सिक्युरिटीही कडक करून घेऊ’ म्हणतो. २०२२ चा डीसी स्वतःहून एलडॅप साइनिंगची, म्हणजे एलडॅपच्या निरोपांवर डिजिटल सही असण्याची, सक्ती करत नाही. ती सक्ती २०२० मध्ये अपडेटमधूनच आणायचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं, मग निर्णय ॲडमिनवर सोडला. म्हणजे नुसतं २०२२ वर गेल्याने साधं, उघडं लॉगिन बंद पडत नाही. ते बंद पडतं ऑडिटरच्या चेकलिस्टमधली पॉलिसी त्याच रात्री लावल्याने.

हे मी एकदा स्वतः करून बसलेय. एका ऑफिसात शनिवारी रात्री दोन्ही डीसी बदलले, आणि पहाटे चारला, सगळं सुरळीत दिसतंय या खुशीत, साइनिंगची पॉलिसीही लावून टाकली. रविवारी ठाणे-कल्याण मेगाब्लॉक. मी डोंबिवलीची, माझ्याबरोबरचा मुलगा बदलापूरचा, त्यामुळे तपासायला कोणी गेलंच नाही. सोमवारी साडेनऊला पाच ॲप्लिकेशन्स बंद. डीएनएसमुळे, सर्टिफिकेटमुळे की साइनिंगमुळे, काही कळायला मार्ग नाही, कारण एका रात्रीत तीन गोष्टी बदललेल्या. दुपारी चारपर्यंत मी त्या सर्व्हर रूममध्ये उभी होते. तेव्हापासून हलवणं एका महिन्यात आणि कडक करणं पुढच्या महिन्यात, मध्ये किमान एक पगार. हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही.

तर कामाची सुरुवात कुठून? कान देण्यापासून. नवा सर्व्हर विकत घ्यायच्याही आधी जुन्या डीसीलाच बोलतं करा.

डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये २८८७ नंबरची नोंद शोधा. ती दर चोवीस तासांनी एकदा येते आणि उघड्यावर किंवा सही नसलेली लॉगिनं किती झाली याचा आकडा देते. कोणी केली ते सांगत नाही. ते हवं असेल तर रजिस्ट्रीत एनटीडीएसच्या डायग्नॉस्टिक्सखाली ‘१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स’ आहे, त्याची किंमत २ करा. दोन्ही डीसींवर करा, एकावर करून थांबू नका. मग २८८९ च्या नोंदी पडायला लागतात: कुठल्या आयपीवरून, कुठल्या खात्याने, आणि लॉगिनचा प्रकार ० की १. एक म्हणजे खातं आणि पासवर्ड सरळ उघड्यावर. शून्य म्हणजे विंडोजच्या पद्धतीचं पण सही नसलेलं. त्याआधी लॉगचा आकार वाढवून ठेवा, नाहीतर दुपारपर्यंत सकाळच्या नोंदी पुसलेल्या असतील. तसंही सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत. डिस्कचे पैसे मागायला हे कारण चांगलं चालतं, मी दोनदा वापरलंय.

ऐकायचं किती दिवस? माझं उत्तर, पंचवीस तारखेपासून पुढच्या महिन्याच्या दहापर्यंत. त्यात पगार येतो, पीएफचं काम येतं, महिनाअखेरचे रिपोर्ट येतात. तिमाहीला एकदा जागं होणारं एखादं ॲप्लिकेशन तरीही निसटेल. ते निसटणार हे आधीच मॅनेजमेंटला लिहून कळवा.

या नोंदींतून काय निघतं याचा एक नमुना. लोअर परळला जुन्या मिलच्या आवारातलं एक ऑफिस. २८८९ मध्ये शेवटी ४७ असलेला एक आयपी, दर पंधरा मिनिटांनी, घड्याळ लावावं इतका नेमका. लॉगिनचा प्रकार १. खातं? डोमेनचा खुद्द ॲडमिनिस्ट्रेटर. म्हणजे त्या कंपनीची सगळ्यात मोठी किल्ली दिवसातून शहाण्णव वेळा नेटवर्कवरून उघडी फिरत होती. आयटीतल्या कोणालाच ४७ माहीत नाही. शेवटी स्विचच्या मॅक टेबलवरून पोर्ट काढला, एकोणिसावा. वायर फॉल्स सीलिंगवरून गेलेली. ती धरत धरत आम्ही पोचलो पँट्रीत. फ्रिजच्या मागे, तेलकट धुळीत, एक्सपीचा एक डेस्कटॉप, मॉनिटर नाही, आणि वर सेलोटेपने चिकटवलेला कागद: ‘बंद करू नये’. वॉचमन काका म्हणाले, “मॅडम, तो बंद झाला की जेवणाची कुपनं निघत नाहीत. एकदा झाला होता, लोकांनी माझाच जीव खाल्ला.” कॅन्टीनचं कुपन छापणारं ते मशीन कर्मचाऱ्यांची यादी एडीतून उचलत होतं. एक्सेलमधल्या आठ नावांत ते नव्हतं, आणि कधी आलंही नसतं.

पण २८८९ सगळं सांगत नाही हेही ध्यानात ठेवा. ६३६ पोर्टवरून, म्हणजे टीएलएसमधून येणारे यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी फायरवॉलचा लॉग बघा, किंवा दिवसातून चार-पाच वेळा ६३६ आणि ३२६९ वरच्या कनेक्शनची यादी काढा. आणि सगळ्यात जास्त फसवणारे कोण, तर एलडॅपशी काहीही संबंध नसलेले, पण डीएनएस म्हणून त्या डीसीचा आयपी हाताने भरून ठेवलेले. पंचिंग मशीन, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, वायफायचा डबा, झेरॉक्स. डीएनएसचा डीबग लॉग दोन दिवस चालू ठेवा, यादी बघून डोक्याला हात लावाल.

एवढं झालं की तुमच्या चार आजाऱ्यांकडे वळता येईल.

पगाराचं सॉफ्टवेअर. व्हेंडर नाही, म्हणजे आयपी बहुतेक कोडमध्येच ठोकलेला असणार. यावर उपाय एकच आणि तो लाजिरवाणा वाटला तरी उत्तम आहे: नव्या डीसीला जुन्याचा आयपी द्या. नवा सर्व्हर तात्पुरत्या आयपीवर डीसी करायचा, रेप्लिकेशन (डीसींमधली माहितीची देवाणघेवाण) स्वच्छ आहे हे रेपॲडमिन या टूलने बघायचं, एक दिवस तसाच चालू द्यायचा. मग रात्री जुन्याला वेगळा आयपी, त्याची नोंद डीएनएसमध्ये नीट बदललीय का ते पाहायचं, मग नव्याला जुना आयपी आणि नेटलॉगऑन रीस्टार्ट. दोन्ही डीसी एका रात्री करू नका. एक या आठवड्यात, दुसरा पुढच्या. ज्यांना बदल करता येतो त्या ॲप्लिकेशन्सना मात्र आयपी देऊ नका, डीएनएसमधलं एक टोपणनाव द्या, म्हणजे पुढच्या वेळी हा खेळ नको.

टोपणनावाचा धागा थेट गेटपासकडे जातो. जावाच्या ॲप्लिकेशनला टीएलएसवर न्यायला गेलात की दोन गोष्टी आडव्या येतात. एक, जावा तुमच्या डोमेनच्या सर्टिफिकेटला ओळखत नाही, कारण जावाचं स्वतःचं विश्वासाचं गाठोडं असतं, कॅसर्ट्स नावाचं. विंडोजमध्ये रूट सर्टिफिकेट टाकून त्याला काही फरक पडत नाही, जावाच्या कीटूल या टूलने त्या गाठोड्यात टाकावं लागतं. आणि सर्व्हरवर तीन-तीन जावा असतात, ॲप्लिकेशन नेमकी कुठली वापरतंय ते आधी बघा. माझे यात अख्खे दोन दिवस गेलेत एकदा. दोन, जावा ८ च्या १८१ व्या अपडेटपासून, म्हणजे जुलै २०१८ पासून, एलडॅपच्या टीएलएस कनेक्शनमध्ये नाव तपासलं जातं. तुम्ही कॉन्फिगमध्ये आयपी लिहिलात आणि सर्टिफिकेटवर डीसीचं नाव असलं की कनेक्शन तुटतं. टोपणनाव वापरत असाल तर ते टोपणनावही सर्टिफिकेटच्या सॅनमध्ये, म्हणजे त्यावरच्या नावांच्या यादीत, हवं. ही तपासणी बंद करणारी एक सेटिंग आहे. रात्री अडीचला ती लावायचा मोह होतो. लावलीच तर कोणत्या तारखेला काढणार ते कागदावर लिहा. जावा ६ असेल तर टीएलएसचा विचारच सोडा, बाजूच्या दाराचं पुढे सांगते.

गेटपास तपासतानाच आणखी एक गोष्ट करून बघा. लॉगिनच्या पानावर खरं नाव टाका, पासवर्ड रिकामा ठेवा आणि एंटर मारा. हसू नका. एलडॅपमध्ये नाव देऊन रिकामा पासवर्ड पाठवला तर सर्व्हर त्याला निनावी पाहुणा समजतो आणि ‘यशस्वी’ असं उत्तर देतो. ते नियमाप्रमाणेच आहे. पण जुन्या प्रोग्रॅमरने ‘यशस्वी म्हणजे पासवर्ड बरोबर’ असं धरलेलं असतं. एका ठिकाणी हेल्पडेस्कच्या मुलाने माझ्यासमोर घाईत नुसता एंटर मारला आणि समोर मॅनेजिंग डायरेक्टरांच्या नावाने पान उघडलं. ते ॲप्लिकेशन नऊ वर्षं तसं चालू होतं. २०१९ पासूनच्या डीसींवर असं रिकामं लॉगिन नाकारायची सोय आहे, ‘डिनाय अनऑथेंटिकेटेड बाइंड’ नावाची, डिरेक्टरीच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ घालायची असते. कडक करण्याच्या महिन्यात ही सगळ्यात पहिली लावा. तिने सहसा काही मोडत नाही.

झेरॉक्स मशीन्स. स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकतात ना? तो फोल्डर डीसीवर असेल तर आधी तिथून हलवा, डीसीवर फायली ठेवूच नयेत. जुनी मशीन्स एसएमबी१ (फायली शेअर करायची विंडोजची जुनी भाषा) बोलतात, आणि तो २०१९ पासून सर्व्हरवर बसवलेलाच येत नाही. बसवता येतो, पण बसवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ज्या दाराने जगभर धुमाकूळ घातला ते हेच. चालू सेशनची यादी काढली की डायलेक्टच्या रकान्यात कोण काय बोलतंय ते दिसतं. बऱ्याच मशीन्समध्ये फर्मवेअर बदलून एसएमबी२ मिळतं. एएमसीवाल्याला विचारा, तो पहिल्यांदा नाही म्हणेल, दुसऱ्यांदा विचारा. खरंच नसेल तर स्कॅन ईमेलवर वळवा. एनटीएलएमची पहिली आवृत्ती कोण वापरतंय ते ४६२४ च्या नोंदीत ‘पॅकेज नेम’मध्ये दिसतं. त्यात ‘अनॉनिमस लॉगऑन’च्या नावाने दिसणाऱ्या ओळी सोडून द्या, त्या दिशाभूल करतात.

हजेरीचं मशीन आणि त्याचं सर्व्हिस खातं. इथे कर्बेरॉसचा, म्हणजे डोमेनच्या तिकिटांवर चालणाऱ्या लॉगिन पद्धतीचा, आरसी४ हा जुना कूटबद्धीकरणाचा प्रकार येतो. ज्या खात्याचा पासवर्ड डोमेन २००३ च्या पातळीवर असताना ठेवला आणि नंतर कधी बदललाच नाही, त्याच्याकडे एईएसची, म्हणजे नव्या प्रकाराची, किल्लीच नसते. असं खातं आजवर आरसी४ वर निभावतं, आणि ज्या दिवशी आरसी४ बंद होतं त्या दिवशी पडतं. नोव्हेंबर २०२२ च्या पॅचनंतर अशी बरीच ठिकाणं पडली होती. ४७६९ च्या नोंदीत तिकिटाचा प्रकार ०एक्स१७ दिसला तर आरसी४, ०एक्स१२ दिसला तर एईएस. उपाय म्हणजे पासवर्ड पुन्हा ठेवणं. ‘पण तो पासवर्ड प्रोग्रॅममध्ये ठोकलाय, बदलला तर सगळं बंद पडेल’ असं तुम्ही म्हणाल. मग तोच पासवर्ड पुन्हा ठेवा! ॲडमिनने रीसेट केला तर जुन्या पासवर्डांची यादी आडवी येत नाही, आणि त्या एका रीसेटमध्ये एईएसच्या किल्ल्या तयार होतात. फक्त लांबीचा नियम मध्ये कडक झाला असेल तर तो अडवेल. ही युक्ती मी कोणाला सांगितली की आधी विश्वास बसत नाही.

आता तो तुमचा जुना डीसी ठेवण्याचा बेत. तो ‘फक्त पगारासाठी’ असं तुम्हाला वाटतं, पण डीसी हा कधीच एका कामापुरता नसतो. नेहमीच्या, लिहिता येणाऱ्या प्रत्येक डीसीवर तुमच्या सव्वादोनशे लोकांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून काढलेले ठसे) असतात, डायरेक्टरपासून ॲडमिनपर्यंत. पॅच न मिळणारा एक डीसी कोपऱ्यात ठेवला की पूर्ण डोमेनची ताकद त्या कोपऱ्याएवढी. शिवाय तो असेपर्यंत फंक्शनल लेव्हल २०१६ करता येत नाही, म्हणजे २०२५ चा रस्ताही तोच अडवून बसणार. आणि नवीन डीसी असतानाही क्लायंट त्याच्याकडे जाणारच, कोणी कुठे जायचं हे तुम्ही ठरवत नाही.

त्याऐवजी बाजूचं दार करा. लिनक्सचं एक छोटं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) घ्या, त्यावर एसटनल, म्हणजे साधं कनेक्शन टीएलएसमध्ये गुंडाळणारं सॉफ्टवेअर. आत येणारं ३८९ साधं, बाहेर डीसीकडे जाणारं ६३६ टीएलएसमधून. फायरवॉलमध्ये त्या ३८९ वर फक्त पगाराच्या सर्व्हरच्या आयपीला परवानगी, बाकी कोणाला नाही. पगाराच्या सर्व्हरवरच एसटनल बसवता आलं तर आणखी छान, मग उघडा पासवर्ड त्या मशीनच्या बाहेरच पडत नाही. पुढे डीसीवर साइनिंगची सक्ती केलीत तरी हे चालतं, कारण टीएलएसमधून आलेलं साधं लॉगिन ती स्वीकारते. चॅनेल बाइंडिंगचीही, म्हणजे लॉगिन त्याच टीएलएस कनेक्शनला बांधण्याच्या सक्तीचीही, भीती नाही, ते एनटीएलएम आणि कर्बेरॉसने येणाऱ्यांना लागतं, साध्या लॉगिनला नाही. आयपी कोडमध्ये ठोकलेला असेल तर जरा विचार करावा लागेल: तेव्हा जुना आयपी डीसीला न देता या छोट्या व्हीएमलाच द्यायचा, पण मग त्याच आयपीला डीएनएस म्हणून धरून बसलेल्यांना आधी दुसरीकडे वळवायला हवं. म्हणून तो डीएनएसचा लॉग.

बाजूच्या दारातून येणाऱ्या खात्याला फक्त वाचायचा हक्क ठेवा. पगाराच्या सॉफ्टवेअरला डोमेन ॲडमिन लागतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. लागत नाही. त्या वेळी बसवणाऱ्याला घरी जायची घाई होती.

क्रम लावायचा तर असा: या पगारापर्यंत नुसतं ऐकणं. मग सर्टिफिकेट सर्व्हिस डीसीवर असेल तर ती आधी हलवणं, कारण ती असेपर्यंत डीसी उतरवता येत नाही. मग एका शनिवारी पहिला डीसी, पुढच्या शनिवारी दुसरा. पाचही फ्स्मो भूमिका (एका वेळी एकाच डीसीकडे असणारी खास कामं) नव्यावर, त्यातली वेळ सांभाळणारी पीडीसीची भूमिका हलली की वेळेचा स्रोतही तिथे नव्याने लावायचा. कर्बेरॉसला पाच मिनिटांपलीकडचा फरक खपत नाही आणि व्हीएमचा होस्ट गुपचूप आपलीच वेळ घुसवत असतो. त्या रात्री पॉलिसीला हात नाही.

आणि मग ती गोष्ट जी मॅनेजमेंटला अजिबात आवडत नाही. जुने डीसी उतरवण्याआधी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्यांची नेटवर्कची वायर काढा. दोन तास. शनिवारी रात्री नाही, कारण शनिवारी रात्री काही मोडलं तरी ओरडायला ऑफिसात कोण असतं? मंगळवारी अकराला अकाउंट्स, गेट, कॅन्टीन, सगळे जागेवर असतात, आणि कोणाचं काय अडलं ते दहा मिनिटांत तुमच्या टेबलावर येतं. वायर परत लावली की सगळं पूर्ववत, म्हणून धोका फार नाही. मी आदल्या दिवशी रिसेप्शनच्या बाईंना सांगून ठेवते, की अकरा ते एकमध्ये कोणी ‘सिस्टिम चालत नाही’ म्हणालं तर नाव, खुर्ची आणि वेळ वहीत लिहा. त्या वहीइतकी नेमकी माहिती मला कुठल्याच लॉगने दिलेली नाही. परळच्या त्या ऑफिसात साडेअकराच्या आत तीन नोंदी झाल्या होत्या, त्यातली एक लिफ्टच्या कार्ड रीडरची.

दोन मंगळवार शांत गेले की जुने डीसी नीट उतरवा, म्हणजे रीतसर डीमोट करा. नुसते बंद करून विसरू नका, आणि ‘काही झालं तर’ म्हणून त्यांचा जुना स्नॅपशॉट महिन्याने परत चालू तर मुळीच करू नका. बॅकअप हवाच, तो सिस्टिम स्टेटचा घ्या, दोन्ही नव्या डीसींचा, आणि एकदा वेगळ्या नेटवर्कमध्ये उतरवून बघा. त्यानंतर लेव्हल २०१६. मग एक पगार जाऊ द्या. मग साइनिंग.

तोपर्यंत एक काम आजच करता येण्यासारखं आहे. दोन्ही डीसींवर २८८७ उघडा आणि कालचा आकडा बघा. शंभराच्या आत असेल तर तुम्ही नशीबवान. हजारांत असेल तर त्यातले बहुतेक एक-दोन मशीनचेच असतात, घाबरू नका, पण मॅनेजमेंटकडून दुसरा महिना आताच मागून घ्या.